अनोळखी सिनेमाची वाट

जानेवारी लागला की बिबवेवाडीत कोपऱ्याकोपऱ्यावर स्ट्रॉबेरीच्या गाड्या उभ्या राहतात. मार्केट यार्डात तिळाची, चिक्कीच्या गुळाची, सुगडात घालायच्या हरभऱ्या-गाजरांची उलाढाल सुरू होते, गंगाधाम चौकात मालट्रक आणि शाळेच्या बस एकमेकांना वाट देईनाशा होतात, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गुळपोळ्यांच्या ऑर्डरी फिरू लागतात. या सगळ्या धांदलीत आमच्या घरात आणखी एका गोष्टीची चाहूल लागलेली असते. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे अवघ्या पुण्याच्या तोंडी असलेला ‘पिफ’, जवळ आलेला असतो. २००२ साली सुरू झालेला हा महोत्सव बहुतेक वेळा जानेवारीत भरतो, कधी लांबतो. २०२५ साली तो १३ ते २० फेब्रुवारी असा झाला. ओळखीचे लोक तेव्हा कुरकुरत होते. मला मात्र वाट पाहायला एक महिना जास्तीचा मिळाला, आणि तो मी मजेत घालवला.

कारण ही वाट पाहणं इतर वाट पाहण्यांसारखं नसतं. दिवाळीत येणाऱ्या मोठ्या सिनेमाची आपण वाट पाहतो तेव्हा तो आपल्याला जवळजवळ पाठ झालेला असतो. टीझर येऊन जातो, ट्रेलर येतो, गाणी रिक्षात वाजून वाजून जुनी होतात, नायकानं किती किलो वजन उतरवलं तेही कळतं. थिएटरात जायचं ते फक्त खातरजमा करायला. महोत्सवातल्या सिनेमाबद्दल माझ्या हातात काय असतं? एक नाव, एक देश, मिनिटांचा आकडा, दिग्दर्शकाचा टपाल तिकिटाएवढा फोटो आणि चार ओळींचा गोषवारा. दिग्दर्शकाचं नाव नीट उच्चारता येत नाही, नटांपैकी एकही ओळखीचा नाही. सिनेमा चांगला की रटाळ, हे सांगणारं कुणी अजून भेटलेलं नाही. तरी मी त्याच्यापुढे पेन्सिलीनं खूण करते आणि त्या तारखेकडे डोळे लावून बसते.

हल्ली माझी आवड माझ्यापेक्षा माझ्या फोनला जास्त कळते. एखादी खुनाची मालिका पाहिली की तो लगेच आणखी दहा खून माझ्यापुढे मांडतो. त्याचा अंदाज चुकत नाही, आणि मला तेच खटकतं. जे आवडतं तेच पुन्हा पुन्हा ताटात पडत राहिलं, तर आपल्याला आणखी काय आवडू शकलं असतं हे कळणार कधी? महोत्सवाच्या पुस्तिकेला माझी आवड ठाऊक नसते. ती कझाकस्तान आणि कोलंबिया एकाच पानावर छापते आणि निवड माझ्यावर सोडते.

त्या चार ओळींच्या गोषवाऱ्यांची एक गंमत आहे. अर्धे गोषवारे एकाच घरातले वाटतात. वडील वारल्यावर कुणीतरी गावी परत येतं. घर विकायचं असतं. एक जुनी ओळख निघते. दरवर्षी अशी चार-पाच माणसं निरनिराळ्या देशांतून आपापल्या गावी परततच असतात. नवखा प्रेक्षक नाक मुरडतो आणि पान उलटतो. पण रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’चा गोषवारा लिहायला बसलं, तर तोही असाच होईल. वडील गेले, मुंबईत राहणारा आनंद सुतकाचे दहा दिवस काढायला गावी गेला, तिथं त्याला लहानपणीचा मित्र भेटला. संपला गोषवारा. या सिनेमाला जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथाचित्रपटांच्या विभागातलं परीक्षकांचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. सनडान्सला गेलेला तो पहिला मराठी चित्रपट. लग्नाचं वय उलटून चाललेल्या मुलावर नातेवाइकांचा चाललेला मारा, सुतकातले पाळायचे नियम, आणि या सगळ्यांच्या देखत, तरी कुणाला दिसू न देता दोन पुरुषांमध्ये उमलणारं प्रेम, यातलं त्या चार ओळींत काय मावणार? म्हणून आता गोषवारा जितका साधा, तितकी माझी पेन्सिल लवकर पुढे सरकते.

वेळापत्रक हातात आलं की जेवणाच्या टेबलावर खरं काम सुरू होतं. वहीचं दुहेरी पान उघडायचं, आडवे दिवस नि उभ्या वेळा आखायच्या, आणि प्रत्येक चौकोनात एकेक सिनेमा बसवायचा. हवे असलेले दोन सिनेमे नेमके एकाच वेळी, शहराच्या दोन टोकांना असतात. पहिला संपतो सव्वाबाराला, दुसरा सुरू होतो साडेबाराला, आणि मधल्या पंधरा मिनिटांत सेनापती बापट रस्त्यावरून लॉ कॉलेज रस्त्यावर पोचायचं असतं. कागदावर ते जमतं. पेन्सिलीनं लिहिलेलं तीनदा खोडून होतं, कागदाला भोक पडायची वेळ येते, मग ऑफिसातली रजा, कुकरची शिट्टी आणि गॅस सिलिंडर यायचा दिवस हे सगळं त्याच चौकोनांत कोंबावं लागतं. घरातले लोक या काळात माझ्याशी जपून बोलतात.

समोरच्या फ्लॅटमधल्या काकू मात्र थेट टेबलाशी येऊन बसतात. वय पंचाहत्तरीच्या पुढचं, शिक्षण मराठी शाळेतलं, आणि पडद्याखालची इंग्रजी अक्षरं त्यांना धावत्या गाडीतून पाटी वाचावी तशी वाचावी लागतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला.

“इराणचं काही आहे का गं यंदा?”

“आहे, काकू. पण दोन तास दहा मिनिटं आहे.”

“असू दे. त्या लोकांची माणसं कमी बोलतात. वाचायला उसंत मिळते. ते फ्रान्सचं नको बाई, जेवतानासुद्धा तोंड मिटत नाहीत.”

चित्रपट रसास्वादाच्या वर्गात बसून मी जे शिकले नसते, ते काकूंनी एका वाक्यात सांगून टाकलं. अब्बास किआरोस्तमी यांच्या १९८७ सालच्या ‘मित्राचं घर कुठे आहे’ या सिनेमात एक शाळकरी मुलगा चुकून आपल्याकडे आलेली मित्राची वही परत द्यायला शेजारच्या गावी धावतो, एवढीच गोष्ट आहे. काकूंना तो पाहून दिवसभर चैन पडली नव्हती. “वही पोचली नसती तर मास्तरांनी काढलंच असतं बिचाऱ्याला,” असं त्या जिन्यात भेटेल त्याला सांगत होत्या. त्यांच्या लेखी तो मुलगा इराणचा नव्हताच, आमच्या बिबवेवाडीतल्या शाळेत जाणारा कुणीतरी होता.

बिबवेवाडीकरांना महोत्सव गाठायचा म्हणजे शहर ओलांडावं लागतं. सातारा रस्त्यावर सिटी प्राइड आहे, पायी जाता येईल इतकं जवळ, आणि रोजचा सिनेमा आम्ही तिथंच पाहतो. पण महोत्सवाची खरी हवा असते ती कोथरूड, सेनापती बापट रस्ता आणि लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूला. पूर्वी स्वारगेटला जाऊन पीएमटी बदलायची, डेक्कनला उतरायचं, पुढे रिक्षावाल्याच्या नाकदुऱ्या काढायच्या, यात एक अख्खा लघुपट पाहून झाला असता. २९ सप्टेंबर २०२४ ला भुयारी मेट्रो स्वारगेटपर्यंत आली आणि हे गणित सुटलं. आता स्वारगेटला बसायचं, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची, नळ स्टॉपला उतरायचं. तिथून लॉ कॉलेज रस्ता सुरू होतो.

हा रस्ता महोत्सवाच्या दिवसांत सकाळच्या उन्हात चालत जावा. मूकपटापासून आजवरचा मराठी सिनेमा या एका रस्त्याच्या कडेनं नांदला आहे. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली ती इथं. विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांनी इथंच ‘संत तुकाराम’ केला. १९३६ सालचा तो चित्रपट पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. आज पिफमध्ये मराठी स्पर्धेतल्या सर्वोत्तम चित्रपटाला जे पारितोषिक देतात, त्याला संत तुकारामांचंच नाव आहे. प्रभात बंद पडल्यावर त्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. त्याला आकार दिला तो पी. के. नायर यांनी. अंधाऱ्या प्रेक्षागृहात छोट्या टॉर्चच्या उजेडात वहीत टिपणं काढत बसणारा हा माणूस. प्रत्येक रिळात काय आहे, हे तो लिहून ठेवी. दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांचा उरलासुरला अंश त्यांनी खटपट करून मिळवला आणि जपला. नाहीतर आज आपल्यापाशी ‘राजा हरिश्चंद्र’चं फक्त वर्णन उरलं असतं.

फाळक्यांचं नाव निघालंच आहे, तर स्वतंत्र सिनेमा कशाला म्हणायचं हेही त्यांच्याच घरात पाहावं. विलायतेहून कॅमेरा घेऊन आले, पण भांडवल द्यायला कुणी तयार होईना. चालती चित्रं म्हणजे नेमकं काय, हेच सावकाराला पटत नव्हतं. तेव्हा फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि कॅमेरा त्याच्यापुढे लावून ठेवला. रोज थोडं थोडं चित्रण करत महिनाभर ते त्या कुंडीपाशी थांबले. कोंब फुटला, पानं उलगडली, वेल चढला. सगळं मिळून मिनिटभराची फिल्म झाली, ‘अंकुराची वाढ’. ती पाहून यशवंतराव नाडकर्णी यांनी कर्ज दिलं. घरात सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले, रात्री अंधारात बसून कच्च्या फिल्मला भोकं पाडली आणि दिवसा सगळ्या चमूचा स्वयंपाक रांधला. ३ मे १९१३ ला गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. भारतातला पहिला कथापट हा असा पदरमोड करून, कुणाच्याही हुकमाशिवाय काढलेला होता. मागे कंपनी नव्हती, नफ्याची हमी नव्हती, आणि या सिनेमासाठी प्रेक्षक तर अजून जन्मालाच यायचा होता.

महोत्सवांनी हा प्रेक्षक घडवला. देशातला पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २४ जानेवारी १९५२ ला मुंबईत सुरू झाला आणि मग दिल्ली, कलकत्ता, मद्रासला गेला. त्यात इटलीचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ होता, जपानचा ‘राशोमोन’ होता. सायकल चोरीला गेलेला एक मजूर आणि त्याचा लहानगा मुलगा दिवसभर रोमच्या रस्त्यांवरून हिंडतात, एवढ्या गोष्टीवर सिनेमा उभा राहू शकतो, हे आपल्याकडच्या दिग्दर्शकांनी डोळ्यांनी पाहिलं. बिमल रॉय यांचा ‘दो बीघा जमीन’ त्यानंतर वर्षभरानं, १९५३ मध्ये आला. महोत्सव संपले तरी चळवळ टिकली ती फिल्म सोसायट्यांमुळे. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ, पुण्यात ऐंशीच्या दशकापासून आशय फिल्म क्लब. सतरंजीवर किंवा मोडक्या खुर्चीवर बसून, कुणाच्या तरी ओळखीनं मिळवलेली रिळं पाहणारी माणसं ही. रीळ मध्येच तुटलं की दिवे लागायचे, आणि तेवढ्यात चर्चेला सुरुवात व्हायची.

याच पुण्यात सुमित्रा भावे सिनेमाकडे आल्या, तेही एका वेगळ्याच वाटेनं. त्या समाजशास्त्रज्ञ. वस्तीतल्या दलित बायकांवर संशोधन करताना त्यांना प्रश्न पडला, की ज्यांच्याबद्दल हे लिहितो आहोत त्यांना तर वाचता येत नाही, मग हे लिहायचं कुणासाठी? त्यातून १९८५ मध्ये ‘बाई’ हा लघुपट झाला. पुढे सुनील सुकथनकर यांच्याबरोबर ‘दोघी’, ‘अस्तु’, आणि नैराश्यानं ग्रासलेल्या तरुणाची गोष्ट सांगणारा ‘कासव’. ‘कासव’ला २०१७ साली सुवर्णकमळ मिळालं. यातल्या कुठल्याच सिनेमाला तारे नव्हते, नाचगाणी नव्हती. पैसे उभे केले ते मित्रांनी, संस्थांनी, डॉक्टर असलेल्या नटानं.

सिनेमा करणारी अशी माणसं आजही कमी नाहीत. घोडं अडतं ते पुढे. मी आठवडाभराची वाट पाहते तेव्हा पडद्यापलीकडे सिनेमाही वाट पाहत असतो, आणि त्याची वाट फार लांबलचक असते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’नं सप्टेंबर २०१४ मध्ये व्हेनिसला दोन पारितोषिकं मिळवली. आपल्या चित्रपटगृहांत तो एप्रिल २०१५ मध्ये लागला. जयंत सोमलकर यांचा ‘स्थळ’ चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गावात, गावातल्याच माणसांना घेऊन झालेला. मुलगी पाहायला आलेल्या मंडळींसमोर पाटावर बसून तेच ते प्रश्न झेलणाऱ्या शिकलेल्या मुलीची गोष्ट. टोरांटोच्या महोत्सवात तो सप्टेंबर २०२३ मध्ये नावाजला गेला आणि ७ मार्च २०२५ ला प्रदर्शित झाला, म्हणजे मध्ये दीड वर्ष गेलं. सनडान्स गाजवलेल्या ‘साबर बोंडं’लाही सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं.

आणि एवढं थांबून सिनेमा लागतो कसा? शुक्रवारी एक किंवा दोन खेळ, तेही दुपारी अडीचला किंवा रात्री साडेदहाला. शनिवार-रविवारच्या तिकिटांवर सगळं ठरतं. सोमवारी खेळ कमी होतात, गुरुवारी पोस्टर उतरतं. मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपटाला दुपारी बारा ते रात्री नऊच्या दरम्यान वेळ द्यावी, असं शासनानं २०१५ मध्ये ठरवलं. चांगलंच झालं. पण शासन पडदा मिळवून देऊ शकतं, खुर्चीवर माणूस आणून बसवू शकत नाही.

याच जागी मला महोत्सवाची गर्दी आठवते. सकाळी नऊच्या खेळाला आठपासून रांग असते. गळ्यात ओळखपत्रं, पिशवीत पोळीभाजीचा डबा आणि पाण्याची बाटली, पाठीला सॅक लावलेले विद्यार्थी, कानटोपी घातलेले निवृत्त मास्तर, पाय दुखतो म्हणून जिन्याच्या पायरीवर टेकलेल्या आमच्या काकू. रांगेत अनोळखी माणूस विचारतो, “काल तो जॉर्जियाचा पाहिलात? नाही? अहो, काय हे!” आणि आपल्याला उगाच अपराधी वाटायला लावतो. जागा भरल्या म्हणून दार बंद झालं, तर माणसं भांडतात. सिनेमा पाहायला मिळाला नाही म्हणून पुण्यात भांडणं होतात, हे ऐकून बाहेरगावचे लोक हसतात. मला त्याचं कौतुक वाटतं. पण मग हीच मंडळी, मी धरून, तोच सिनेमा दोन महिन्यांनी सातारा रस्त्यावर लागतो तेव्हा कुठं जातात? दुपारच्या खेळाला प्रेक्षागृहात बोटांवर मोजण्याएवढी डोकी असतात. महोत्सवात ज्याच्यासाठी कोपर मारून आत शिरलो असतो, त्याच्यासाठी घरापासून दहा मिनिटं चालायचा आपल्याला कंटाळा येतो. तो कधीतरी मोबाइलवर येईलच, असं आपण म्हणतो. मोबाइलवर तो येतोही, आणि खुनाच्या दहा मालिकांच्या खाली बुडून जातो.

एका आठवड्यात पंचवीस सिनेमे पाहणाऱ्यांचं मला पूर्वी फार अप्रूप वाटे. आता वाटत नाही. आठ दिवस जागरण करून पाहिलेले पंचवीस सिनेमे एकमेकांत मिसळतात, आणि एका देशाची आई दुसऱ्या देशाच्या मुलाच्या अंत्ययात्रेला जाऊन उभी राहते. महोत्सवाचा फायदा वेगळ्या ठिकाणी असतो. ज्याच्याबद्दल काहीच ठाऊक नाही अशा सिनेमाची आपण वाट पाहू शकतो, ही सवय तो लावतो. ही सवय आठ दिवसांपुरती ठेवली तर तिला हौस म्हणतात. वर्षभर टिकली तर तिच्यावर सिनेमा जगतो.

तेव्हा यंदा महोत्सवाला जरूर या. वेळापत्रकात एक चौकोन असा ठेवा, ज्यातल्या सिनेमाचं नाव, देश, दिग्दर्शक, काही म्हणजे काही ओळखीचं नसेल. घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला सोबत घेऊन या. इंग्रजी अक्षरांना तो कचरत असेल तर इराणचा सिनेमा निवडा. आणि पुढे वर्षभरात एखाद्या शुक्रवारी, बिनताऱ्यांचा, छोट्या पोस्टरचा एखादा मराठी सिनेमा तुमच्या जवळच्या थिएटरात अडनिड्या वेळेला लागलेला दिसला, तर परीक्षणाची वाट पाहू नका. त्याच शनिवारी-रविवारी तिकीट काढा. सोमवारपर्यंत फार उशीर झालेला असतो.